फ्यूज मोठा करू नका, शोधणाऱ्याला मजुरी द्या



नेहमी कांदा, मका, करपा, थ्रिप्स यावर लिहितो. आज गाडीवर लिहितोय. आपला माल मार्केटला नेणारी पिकअप पण शेतीचंच अवजार आहे, आणि तिच्या बाबतीत एक खोड आपल्याकडे फार पसरलीय. फ्यूज उडाला की त्याच्यापेक्षा मोठा टाकायचा. तो पण उडाला की तांब्याची तार गुंडाळायची आणि चल म्हणायचं. घरच्या कारलाही हेच. ही खोड मोडली पाहिजे असं माझं मत आहे, आणि ती मोडायची असेल तर आधी आपल्या खिशाची सवय बदलावी लागेल. ते शेवटी सांगतो, आधी फ्यूजचं.

खोड आली विहिरीवरून. मोटारीच्या पेटीत चिनी मातीचे किटकॅट असतात. रात्रीची लाईट, चार तास पाणी, त्यात फ्यूज गेला तर बारं कोण भरणार? म्हणून एका तारेच्या दोन, दोनाच्या चार. मग कधीतरी एक फेज जाते, जाड तारेमुळे फ्यूज काही उडत नाही आणि मोटार मात्र जळते. हे सगळ्यांनी बघितलंय, रिवायंडिंगचं बिल पण भरलंय. तरी हात तिकडेच जातो. विहिरीवर निदान मोटारीवरच निभावतं. गाडीत वायर सीटखालून जाते, कार्पेटखालून जाते, डिझेलच्या टाकीजवळून जाते. तिथं वायर तापली की जवळ जळायला सगळंच आहे.

फ्यूज कशाला असतो हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथंच आहे. बरेच जण म्हणतात फ्यूज बल्ब वाचवायला असतो. फ्यूज वायर वाचवायला असतो. कंपनी आधी ठरवते या लाईनला किती जाडीची वायर लागेल, आणि ती वायर तापायच्या आधी तुटेल असा फ्यूज बसवते. म्हणजे साखळीत मुद्दाम एक कच्ची कडी ठेवलेली. तुम्ही 10 च्या जागी 30 चा टाकला की कच्ची कडी बदलली, आता वायरच कच्ची झाली. कुठं तरी अर्धवट शॉर्ट होऊन 25 अँपिअर वाहायला लागले तर 30 चा फ्यूज शांत बसून राहणार आणि ती बारकी वायर हिटरच्या कॉइलसारखी तापणार. तिचं प्लास्टिक वितळलं की शेजारच्या चार वायरी पण त्यात येतात.

फ्यूजवर आकडा असतोच, पण रंग पाठ असलेले बरे. तपकिरी साडेसात, लाल 10, निळा 15, पिवळा 20, पांढरा पारदर्शक 25, हिरवा 30. कुठं कुठला पाहिजे ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नाहीतर गाडीच्या पुस्तकात असतं. गाडी जुनी घेतली असेल तर एकदा झाकण उघडून सगळे रंग जुळवून बघा. लालच्या जागी हिरवा बसलेला दिसला तर समजायचं, आधीच्या मालकाच्या वेळचं दुखणं अजून आत आहे.

आता थोडा हिशोब. अवघड नाही, वॅटला 12 ने भागायचं, की अँपिअर आले. आमच्या पिकअपला टेल लाईनवर मागे 5 वॅटचे दोन बल्ब, पुढे पार्किंगचे 5 चे दोन, नंबर प्लेटचा एक. झाले 25 वॅट. भागिले 12, म्हणजे दोन अँपिअरच्या आसपास. तिथं फ्यूज दिलाय 10 चा, जवळजवळ पाचपट. म्हणजे हा फ्यूज उडाला तर तो कमी पडला म्हणून उडालेला नाही. कुठंतरी पॉझिटिव्ह वायर चासीला टेकतेय. हा हिशोब कागदावर एकदा केला तरी वीसचा टाकायची इच्छा मरते.

आमच्या पिकअपचंच सांगतो. ती पुतण्या चालवतो. एप्रिलात उन्हाळ कांदा लासलगावला चालू होता. मोकळा माल, सोळा-सतरा क्विंटल भरायचा आणि पहाटे चारला निघायचं. दोन वेळा मागच्या लाईटी बंद पडल्या, दोन्ही वेळा टेलचा फ्यूज उडालेला. मी घरी नव्हतो, त्यानं गाडी एका गॅरेजला दाखवली. मी आल्यावर सांगतो, "नाना, झालं काम. त्यांनी वीसचा टाकून दिला, आता नाही उडत."

तो 'नाही उडत' म्हणाला तिथंच माझ्या पोटात गोळा आला. दुखणं आहे तसंच होतं, सांगणारा गप्प केला होता.

पिवळा काढला, लाल बसवला, लाईट लावली. काही नाही, सगळं व्यवस्थित. अर्धा तास लावून ठेवली तरी उडाला नाही. इथंच बहुतेक जण सोडून देतात. मी पोराला विचारलं, उडाला तेव्हा गाडी भरलेली होती का रिकामी? तो म्हणाला, दोन्ही वेळा भरलेली. रिकामी परत येताना एकदाही नाही.

मंडळी, पानावर डाग दिसला की आपण पण डॉक्टरला हेच सांगतो ना, कधी दिसला, पाण्यानंतर का फवारणीनंतर, सगळ्या वाफ्यात का बांधाकडेच. फ्यूजचं निदान पण तसंच आहे. तो कधी उडतो यावरून निम्मं काम होतं. बटण न दाबता, नुसता बसवल्या बसवल्या उडाला तर दोष बटणाच्या अलीकडे. बटण दाबल्यावर उडाला तर पलीकडे. ब्रेक मारल्यावर उडाला तर ब्रेक लाईटची वायर बघा, रिव्हर्स टाकल्यावर उडाला तर रिव्हर्सची. खड्ड्यात उडाला, वळणावर उडाला, दार उघडताना उडाला, तर हलणारी वायर घासलीय. पावसात किंवा गाडी धुतल्यावर उडाला तर होल्डरमध्ये नाहीतर सॉकेटमध्ये पाणी. दहा-पंधरा मिनिटं चालून मग उडाला तर शॉर्ट नसतोच बहुतेक, लोड जास्त झालेला असतो. एसीच्या ब्लोअरची मोटार कोरडी पडून जड फिरते, वायपर चिखलात अडकतो, तेव्हा असं होतं. त्याला वायर शोधत बसू नका, मोटार बघा.

आमचा उडायचा भरल्यावर. म्हणजे पाटे दबल्यावर. मग तपासणी पण भरलेल्या गाडीवरच करायची. संध्याकाळी कांदा भरला, गाडी सपाटीला उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. जॅक लावून भरल्या गाडीखाली कुणी शिरू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आता ती बल्बची युक्ती. ही मला तालुक्याच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं दाखवलेली. शॉर्ट शोधताना फ्यूजवर फ्यूज जाळायची गरज नाही. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत फ्यूजऐवजी ब्रेक लाईटचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी लावून जोडा. मग ती लाईन चालू करा. सगळं ठीक असेल तर हा बल्ब मंद पेटतो, कारण त्याच्या पुढे गाडीचे बल्ब आहेत. लाईन कुठं चासीला टेकली असेल तर तो लख्ख पेटतो. कसाही शॉर्ट असला तरी 21 वॅटच्या बल्बातून पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, म्हणून वायर जळायची भीती नाही. आणि तुमचे दोन्ही हात मोकळे. बल्ब समोर ठेवायचा आणि वायरीचा गठ्ठा पुढून मागे एकेक वीत हलवत जायचं. जिथं हलवल्यावर लख्खचा मंद होतो, तिथं जखम.

आमचा बल्ब आधी मंदच होता. दोघं जण मागच्या फळीवर उभे राहून हिसके द्यायला लागले तसा लख्ख-मंद, लख्ख-मंद चालू झाला. मी बॅटरी घेऊन बाजूनं बघत होतो. मागच्या पाट्याच्या वर, यू बोल्टची टोकं येतात तिथं, वायरीचा गठ्ठा क्लिपमधून सुटून लोंबत होता. आधी कुणीतरी हौद्याला जादाची लाईट बसवताना तो चासीला बाइंडिंगच्या तारेनं बांधलेला. स्लॅबच्या सळया बांधतात ती तार! गाडी रिकामी असली की बोल्ट आणि गठ्ठा यात चार बोटं अंतर. भरली की बोल्टचं टोक गठ्ठ्याला वर ढकलायचं आणि तार प्लास्टिक कापून आतल्या तांब्याला टेकायची. काठीनं गठ्ठा जरा उचलून तारेपासून बाजूला केला, बल्ब मंद झाला. सापडलं.

सगळं मिळून पाऊण तास गेला. आणि ती जागा डिझेलच्या टाकीपासून लांब नव्हती. वीसचा फ्यूज तसाच राहिला असता तर पुढं काय झालं असतं हे मी पोराला सांगत बसलो नाही, त्यानं स्वतः काळी पडलेली वायर बघितली.

दुरुस्ती करताना नुसती काळी पट्टी गुंडाळू नका. उन्हाळ्यात चासीच्या उष्णतेनं तिचा डिंक सुटतो आणि पट्टी लोंबायला लागते. खराब तुकडा कापून काढायचा, त्याच जाडीची वायर डाख देऊन जोडायची, वर तापवून आकसणारी स्लीव्ह घालायची. जोड एकाच जागी सगळे आणू नका, मागेपुढे ठेवा. गठ्ठ्याला बाहेरून आवरण म्हणून मी ठिबकची जुनी 16 मिलिमीटरची नळी उभी चिरून घातली आणि प्लास्टिकच्या टायनं बांधली. सायलेन्सरजवळ ही नळी चालत नाही, वितळते. पत्र्यातून वायर जाते तिथला रबरी बुश फाटला असेल तर आधी तो बदला, नाहीतर नवी वायर पण तिथंच घासणार.

मल्टिमीटर असेल तर उत्तमच. फक्त त्यात एक फसगत आहे. फ्यूज काढून बीपवर तपासायला गेलं की मीटर बीप देतो आणि माणूस शॉर्ट आहे असं धरून चालतो. थंड बल्बचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की बल्बातूनच बीप येते. म्हणून आधी त्या लाईनीवरचे सगळे बल्ब काढा. बल्ब काढूनही बीप आली तर मग शॉर्ट खरा.

बाकी जखमा आपल्याकडे ठरलेल्या जागी सापडतात. उंदीर पहिला. गाडी कांदा चाळीजवळ नाहीतर मक्याच्या कणसांच्या ढिगाशेजारी लावली की तो बॉनेटमध्ये उबेला येतो आणि वायर कुरतडतो. लेंड्या दिसल्या तर शोध तिथूनच सुरू करा. दुसरी जागा ट्रेलरचा आणि मागच्या लाईटीचा सॉकेट. आपण हौद्यात युरिया, पोटॅश, सुपर वाहतो. खत सांडतं, हवेतलं पाणी ओढतं, होल्डरमध्ये जातं आणि तांब्यावर हिरवा-पांढरा मुलामा चढतो. खत वाहिल्यावर हौदा धुवा, पण होल्डर उघडून कोरडे करा, कोरड्या ब्रशनं घासा. कारमध्ये तिसरी जागा मोबाईल चार्जरचा सॉकेट. शेजाऱ्यांच्या कारचा तो फ्यूज महिन्यात चार वेळा गेला, आत एक रुपयाचं नाणं पडलेलं निघालं. नाणं गचके बसले की आडवं व्हायचं. काढताना आधी फ्यूज काढा आणि मग चिमटा घाला, नाहीतर चिमट्यानंच शॉर्ट कराल.

आणि पोरांचे हेडलाईट. कंपनीचा बल्ब 60/55 वॅटचा. डिपरवर दोन मिळून 110 वॅट, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर. पोरं 100/90 चे टाकतात. डिपरलाच 15 अँपिअर, अप्परला साडेसोळाच्या पुढे. वायर, बटण, होल्डर सगळं जुन्याच मापाचं. फ्यूज उडतो, मोठा टाकतात, मग होल्डर वितळतो. पाहिजेच असेल तर बॅटरीवरून वेगळी जाड वायर, रिले आणि तिचा स्वतःचा फ्यूज असं किट बसवा. माझं विचाराल तर जुनाच बल्ब ठेवा आणि हेडलाईटची काच पुसा. समोरच्याचे डोळे पण वाचतात.

एक मर्यादा सांगून ठेवतो. नव्या गाड्यांत एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर यांच्या लाईनींना बल्ब जोडून बघू नका. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात, त्यांना हातच लावू नका. तो फ्यूज उडत असेल तर स्कॅनर असलेल्याकडेच गाडी न्या.

आता खिशाचं. त्या गॅरेजवाल्यावर राग काढून काय उपयोग? मी त्याच्याकडे गेलो, पोराला चहा पाजला त्यानंच मला पण पाजला. म्हणाला, "नाना, तुमचा पोरगा गाडी चालू ठेवून उभा होता, दहा मिनिटात करा म्हणाला. मी गाडीखाली एक तास झोपलो आणि शेवटी एक वायर निघाली, तर तुम्ही म्हणणार, एका वायरीचे तीनशे?" त्याचं खरं आहे. आपण पार्टचे पैसे देतो, शोधायचे देत नाही. दोन हजाराचा अल्टरनेटर बदलला तर हूं की चूं न करता देतो. तासभर शोधून पाच रुपयाच्या स्लीव्हवर काम भागवलं तर त्याच माणसाशी घासाघीस. मग त्यानं शिकायचं काय? पार्ट बदला, फ्यूज मोठा करा, गिऱ्हाईक वाटेला लावा.

शेतीत पण हेच चाललंय आणि इथले कृषी पदवीधर मित्र हे मान्य करतील. शेतात येऊन, रोप उपटून, मुळी बघून सांगणाऱ्याला दोनशे रुपये द्यायला हात आखडतो. दुकानात फोटो दाखवून बाराशेची बाटली मात्र लगेच घेतो. चुनखडीच्या रानात लोह मिळत नाही म्हणून ऊस पिवळा पडतो आणि आपण वरून युरिया टाकत राहतो. तो पण वीसचा फ्यूजच.

म्हणून मी आता असं ठरवलंय. गाडी दाखवताना आधीच सांगतो, शोधायचे तासाला इतके देईन, पार्टचे वेगळे. दोष सापडला की तो मला दाखवायचा आणि फ्यूज मूळ आकड्याचाच राहील. दोन गॅरेजवाल्यांशी बोललो, दोघंही खुश. एक म्हणाला, गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी लावून जा, घाईत आणू नका. रास्त मागणी आहे.

रस्त्यात असाल तर काय करायचं, हे बरेच जण विचारतील. त्याच आकड्याचा नवा फ्यूज एकदा टाकून बघायला हरकत नाही, कधीकधी जुना फ्यूज नुसता थकून पण जातो. दुसराही उडाला तर तिसरा टाकू नका, ती लाईन बंद ठेवा. रेडिओ, चार्जर असेल तर तसेच जा. वायपर असेल तर पाऊस थांबेपर्यंत थांबा. पण टेलची लाईन असेल आणि अंधार असेल तर गाडी पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्यावर घ्या आणि उजाडेपर्यंत थांबा. उसाच्या दिवसात बिनलाईटच्या ट्रॉलीवर मागून धडकून माणसं गेलेली आपण दरवर्षी ऐकतो. लिलावाला दोन तास उशीर झाला तर भाव पन्नास इकडे-तिकडे होईल, होऊ द्या.

डॅशबोर्डच्या कप्प्यात लाल, निळा, पिवळा असे दोन-दोन फ्यूज, फ्यूज काढायचा प्लास्टिकचा चिमटा आणि वायरी जोडलेला तो 21 वॅटचा बल्ब ठेवा. आमच्या पोरानं त्याच डबीत मागच्या महिन्यात तांब्याच्या तारेचा तुकडा पण ठेवलेला सापडला. काढून घेतला.